झीलाटेक: छापखाना, फोन आणि काका, तिघांना एकच पीडीएफ पुरेल का?

मंडळी, जरा अडलंय.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत दोन वर्षं झीलाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली) जुळवतोय. डेमी आकार, २४८ पानं, फॉन्ट मुक्ता, वंशावळी टिक्झमध्ये (त्यातलंच आकृत्या काढायचं पॅकेज). (वर्डमध्ये तिसऱ्या पिढीपासूनच रेघा पळायला लागल्या, म्हणून इकडे आलो.)

आता छापखान्याला ३ मिमी ब्लीडची (कापताना जाणाऱ्या जादा कडेची) पीडीएफ हवीय. अमेरिकेतल्या भावंडांना फोनवर वाचायचंय, पण डेमीचं पान तिथे मोठं केलं की प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. आणि काकांना फक्त स्वतःचं नाव शोधायचंय.

घोळ तिथेच झाला. काकांनी पीडीएफमध्ये 'विनायक' शोधलं, एकही सापडेना. घराण्यात विनायक अकरा, त्यातले एक काका स्वतः. "मला गाळलंस होय रे?" म्हणून फोन. नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवलं तर वेलांटी आधी, 'व' नंतर: 'िवनायक'. पानावर मात्र अक्षर चोख दिसतं.

पॅन्डॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या साधनाने ईपबही (पडद्याप्रमाणे ओळी जुळवणारं ई-पुस्तक) करून पाहिलं. मजकूर बरा आला, वंशावळी गायब.

एकाच मूळ फाइलमधून सगळ्यांचं भागेल का? आणि झीटेक (झीलाटेकमागचं इंजिन) पीडीएफच्या आधी एक्सडीव्ही नावाची मधली फाइल बनवतं म्हणतात, त्यातून थेट काही निघतं का?

प्रतिसाद १

एक्सडीव्हीच्या नादी लागू नका. कुठलं अक्षर पानावर कुठे ठेवायचं याची ती नोंद. फॉन्टसुद्धा तिच्यात नसतात. वाचकाच्या हातात द्यायची वस्तू नाही ती.

वेलांटीचं म्हणाल तर पीडीएफमध्ये अक्षराकृती दिसतात त्या क्रमाने मांडल्या जातात, म्हणून ती पुढे जाते. झीटेकमध्ये अ‍ॅक्चुअल टेक्स्ट चालू करायचा आदेश आहे, प्रिअ‍ॅम्बलमध्ये म्हणजे मूळ फाइलच्या सुरुवातीच्या भागात, एक ओळ. मग शब्दाबरोबर मूळ युनिकोड मजकूरही फाइलमध्ये जातो. काकांना ती अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडायला सांगा, सगळेच पीडीएफ वाचक त्याची दखल घेत नाहीत.

फोनसाठी ईपबच. पॅन्डॉक टिक्झ काढून देत नाही. प्रत्येक वंशावळ स्टँडअलोनमध्ये (एकटी आकृती काढायचा लाटेकचा क्लास) वेगळी चालवा, तिचं एसव्हीजी (मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) करा आणि चित्र म्हणून जोडा. तक्ता मोठा असेल तर दोन-तीन पिढ्यांवर तोडा, नाहीतर नावं मुंगीएवढी दिसतील.

प्रतिसाद २

छपाईचं राहिलं. काळा मजकूर लाटेक ग्रेमध्येच (फक्त काळ्याच्या छटांत) देतं, त्यामुळे तो एका शाईत जातो. घोळ रंगीत चौकटींचा असतो. एक्सकलर या रंगांच्या पॅकेजला सीएमवायके (छपाईच्या चार शायांचा) पर्याय द्या. फोटो मात्र त्याने बदलत नाहीत, ते आधीच बदलून घ्या. आणि छापखान्याची नि वाचायची पीडीएफ वेगळी ठेवा. ब्लीड नि कापखुणांसकट फाइल नातेवाइकांना गेली की 'पान वाकडं आलंय' म्हणून पुन्हा फोन येतात. अनुभव आहे.

धागाकर्ता

ती ओळ टाकली, अकराच्या अकरा विनायक सापडले! दोन्ही प्रतिसादकांचे आभार. ईपबसाठी वंशावळी तोडायला घेतल्यात. काकांना नवी प्रत पाठवली होती. नाव मिळालं, आता जन्मसाल चुकलंय म्हणताहेत.