मदत हवी आहे: जुन्या उकिरड्याचं खत हळदीला घालू का? आत प्लास्टिक फार निघतंय

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. यंदा २० गुंठे हळद करायची आहे. हळदीला शेणखत किती लागतं ते इथं कुणाला सांगायला नको. खताच्या ट्रॉलीचा भाव ऐकला आणि घरचा उकिरडाच उपसायचं ठरवलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांच्या अंगावरून वारं गेल्यापासून रान वाट्यानं दिलं होतं, त्यामुळे उकिरडा तळापासून कधी उपसलाच नाही. शेण, राख, केर, सगळं वरच्या वर पडत राहिलं.

परवा जेसीबी लावला. एका बाजूनं खड्डा उभा कापला गेला आणि आतली भिंतच दिसायला लागली. मधोमध वीतभर जाडीचा गाळाचा पट्टा आहे, काळा, चिकण, सलग. तो २०१९ च्या महापुराचा. त्याच्या वर बोटभर आणखी एक पट्टा, तो २०२१ चा. म्हणजे मोठ्या पट्ट्याच्या खाली जे आहे ते २०१९ च्या आधीचं, हे वेगळं कुणी सांगायची गरज नाही.

खालचं शेणखत काय सुंदर झालंय! हातात घेतलं की भुसभुशीत, मातीसारखा वास. वैरणीची काडीसुद्धा ओळखू येत नाही. पण त्यातूनच दुधाच्या पिशव्या निघतात, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या. एका पिशवीवरची तारीख वाचता येते, २०१२ ची आहे. मी ती बादलीत धुतली तर निळी अक्षरं अगदी ताजी दिसायला लागली.

आणखी एक गोष्ट दिसली, ती डोक्यातून जात नाही. मामांची जुनी सुती बंडी कधीतरी उकिरड्यात गेली असणार. कापड पार नाहीसं झालंय. पण शिवण तशीच आहे. खांद्याची, बाह्यांची, गळ्याची दोऱ्याची नुसती रेघ, आणि तिला लटकलेली तीन बटणं. मातीत बंडीचा आकार राहिलाय आणि बंडी नाही.

मामा म्हणतात, "आगं, उकिरड्यात पडलं ते कुजलंच म्हणून समज. आमच्या आज्यापासनं हेच घालतोय रानात." त्यांचं चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. त्यांच्या आज्याच्या काळात घरातून बाहेर पडायचं काय? राख, शेण, उष्टं-खरकटं, चिंध्या, फुटकी खापरं. उकिरडा तोच आहे, घर बदललं.

तर मला विचारायचंय ते असं. हे खत रानात टाकू की नको? टाकायचं तर प्लास्टिक वेगळं कसं करायचं, पाच-सहा ट्रॉल्या माल आहे. वरच्या थरात 'बायोडिग्रेडेबल' छापलेल्या काही पिशव्या आहेत, त्यांचा हात लावला की पापुद्र्यासारखा चुरा होतो. त्या खरंच कुजल्या म्हणायच्या का? आणि एका कोपऱ्यात बॅटरीचे गंजलेले सेल सापडलेत, भोवतीची माती काळीकुट्ट आहे. त्याची मला जास्त भीती वाटते. सासूबाई बंबात प्लास्टिक जाळायच्या, ती राखही यातच आहे.

हळदीची लागण तोंडावर आली आहे. जाणत्यांनी कृपया लवकर सांगावं.

मातीचा_माणूस

ताई, सगळ्यात आधी एक: या खतावर रोटाव्हेटर फिरवू नका. आज जी पिशवी हातानं उचलता येते तिचे उद्या हजार तुकडे होतील आणि ते जन्मात वेचता येणार नाहीत.

आता बंडीचं. कुजणं म्हणजे कुणीतरी खाणं. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, उसाच्या पाचटात असतो तोच पदार्थ. तो पचवणारे जीवाणू आणि बुरशी मातीत लाखोंनी आहेत. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा, तो खाणारं आपल्या मातीत जवळपास कुणी नाही. म्हणून कापड गेलं, दोरा राहिला. दुधाची पिशवी पॉलिथिनची. ती उन्हात पडली तर अतिनील किरणांनी कडक होते, तडकते, तुकडे होतात. तुमच्या खड्ड्यात ऊन नाही, खाली हवाही कमी, म्हणून अक्षरंसुद्धा शाबूत राहिली. आणि तुकडे झाले तरी ते कुजणं नव्हे. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक झाले की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. गांडुळं ते खालच्या थरात ओढून नेतात.

प्लास्टिक कुजायला ५०० वर्षं लागतात वगैरे तक्ते फिरतात, ते अंदाज आहेत. पॉलिथिनचा शोधच १९३३ चा, इंग्लंडमधला. त्याला अजून १०० वर्षं व्हायची आहेत. पूर्ण कुजलेली पिशवी आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

चुरा होणाऱ्या पिशव्यांचं तसंच. त्यात लवकर तुकडे व्हावेत म्हणून एक रसायन मिसळलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दिसेनाशी झाली म्हणजे संपली असं नाही. खरी कंपोस्टेबल पिशवी वेगळी, तिच्यावर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेलं असतं. पण तिलाही मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची उष्णता दीर्घकाळ लागते. घरचा उकिरडा एवढा तापत नाही आणि तापला तरी तेवढे दिवस टिकत नाही. तो चुरा असलेला वरचा थर मी तरी हळदीला घालणार नाही.

खटावची_माती

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, म्हणून केलं ते सांगते. वाळू चाळायची तिरकी चाळण असते ना गवंड्याकडे, ती आणा. पण ओलं खत चाळत नाही, गोळे होतात आणि प्लास्टिक गोळ्याच्या पोटात जातं. आधी मोठं मोठं हातानं वेचा, मग खत सावलीत पातळ पसरून दोन-तीन दिवस हडकू द्या. कडक उन्हात नको, नत्र उडून जातं. मग चाळा. वारा असला तर आणखी बरं, धान्य उफणतो तसं केलं की हलके पापुद्रे बाजूला पडतात. दोन बायका आणि एक गडी असले तर दिवसाला एक ट्रॉली होते. मोजे घाला, ब्लेड आणि इंजेक्शनच्या सुयासुद्धा निघतात.

जनावरं तिकडं फिरकू देऊ नका. खरकट्याच्या वासानं पिशवी गिळतात आणि ती पोटातच साठून राहते.

शाळामास्तर_रसायन

सेलची तुमची भीती रास्त आहे. प्लास्टिकपेक्षा मला त्याचीच काळजी वाटली. काळी माती दिसते ती सेलमधल्या मँगनीज डायऑक्साइडची. बाहेरचं डबडं जस्ताचं. जुन्या सेलमध्ये पारा असायचा, चार्जिंगच्या काही सेलमध्ये कॅडमियम. ही मूलद्रव्यं आहेत, कुजून त्यांचं दुसरं काही होत नाही. पानाचं खत होतं, जस्ताचं जस्तच राहतं. सेल आणि भोवतीची काळी माती, हातभर जास्तच, घमेल्यानं काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. ती विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नका, नाहीतर पुराबरोबर सगळ्या काठाला जाईल.

राखेचं: पिशवी जाळली की धूर होतोच, पण रेक्झिन, पीव्हीसीचा पाइप, वायरची आवरणं जाळली तर डायॉक्सिन तयार होतात आणि राखेतही उतरतात. लाकडाची राख करडी आणि मऊ असते. प्लास्टिकच्या राखेत काळे, काचेसारखे खडे असतात. असे खडे जिथं दिसतील तो भाग वगळा.

मनात शंका राहिली तर एक किलो नमुना प्रयोगशाळेत द्या आणि जड धातू तपासायला सांगा. नेहमीच्या माती परीक्षणात शिसं, कॅडमियम येत नाही, वेगळं सांगावं लागतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे, त्याच्याशी ताडून पाहता येईल.

द्राक्षवाला_तासगाव

ताई, तुम्ही फार मनाला लावून घेताय असं वाटतं. आमच्या बागेत ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, मल्चिंगचा कागद, सुतळीच्या जागी आलेली प्लास्टिकची दोरी, सगळं आहे. तरी पीक येतंय. लागण चुकवू नका, उशीर झाला तर उतारा पडेल.

कृष्णाकाठची

दादा, तुमचं लागणीचं म्हणणं पटतं. पण पीक येतंय म्हणून चालू द्यावं असं मला वाटत नाही. पातेल्यातला खडा काढता येतो, रानातला पापुद्रा निघत नाही. मल्चिंगच्या प्लास्टिक कागदातून पाणी आरपार जात नाही, खालची ओल उडू नये म्हणूनच तर आपण तो अंथरतो. त्याचे तुकडे मातीत साठत गेले की मुळांशी तेच होणार.

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले चार दिवस हेच काम चाललंय, काय झालं ते कळवते.

२०१९ च्या पट्ट्याखालचं खत चाळून घेतलं. पहिल्या ट्रॉलीतून प्लास्टिकचं एक पोतं गच्च भरलं, पुढच्या दोन ट्रॉल्यांत मिळून एक. खोल गेलो तसं कमी होत गेलं. अगदी तळाला तर नुसती खापरं आणि एक लोखंडी विळा, गंजून पापडासारखा झालेला. ते तळाचं खत न चाळताच घेतलं. पट्ट्याच्या वरचा थर, तो चुरा आणि राखेचा कोपरा तसाच बाजूला ठेवलाय, यंदा वापरणार नाही. सेल आणि त्यांच्याभोवतीची माती दोन डब्यांत बंद आहे. वेचलेल्या खताचा नमुना वेगळ्या पिशवीत काढून ठेवलाय, सोमवारी सांगलीला नेऊन देणार. निकाल आल्यावरच रानात टाकेन, तोवर सरी सोडून घेऊ.

मामा खाटेवर बसून पुड्या वेचायला लागले. चालत्या हातानं. बंडीची शिवण त्यांच्या हातात दिली तर बराच वेळ बघत बसले. ती गावातल्याच शिंप्यानं शिवलेली, त्यांनी टाका ओळखला. म्हणाले, "सूत गेलं, दोरा ऱ्हायला." मग स्वतःच म्हणाले, आता दोन खड्डे करा, आणि दुसऱ्यात शेणाशिवाय काय टाकू नका.

आता एकच अडलंय. दोन्ही पोत्यांतल्या दुधाच्या पिशव्या भंगारवाला धुऊन दिल्या तर घेतो म्हणाला. पण गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या तो घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. जाळायच्या नाहीत, पुरायच्या नाहीत. कुणाला ठाऊक आहे का त्या कुठं देता येतील?

कराडकर_बहीण

त्या पुड्या सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतात. तिथं १४०० अंशांच्या वर उष्णता असते, घरच्या बंबासारखा धूर होत नाही. एकट्यादुकट्याकडून कुणी घेत नाही, साठा लागतो. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणमधून तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र करायचं ठरलेलं आहे. तुमच्या पंचायत समितीत जाऊन पलूसचं केंद्र कुठं आहे ते विचारा आणि ग्रामपंचायतीकडून गाडी मागा. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत आमचं कराड देशात पहिलं आलं, तेव्हाही मुख्य काम घरातच वेगळं करायचं होतं. पुड्या कोरड्या ठेवा, ओल्या झाल्या की वजन वाढतं आणि कुणी हात लावत नाही.

कृष्णाकाठची

ताई, सोमवारी नमुना देऊन येताना पंचायत समितीत जाते. पोती गोठ्याच्या माळ्यावर टाकली आहेत, कोरडी राहतील. काय कळतं ते इथंच लिहीन.