रबरी बँडवर घरच्या घरी पाठ मजबूत होईल का?

प्रश्न: धायरीत वन रूम किचनमध्ये राहते. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून मान आखडते. जिमची वर्षाची फी एकदम भरणं जमत नाही. रेझिस्टन्स बँडने फरक पडेल?

उत्तर: नक्की पडेल, ताई. माझी दोन वर्षं त्यावरच चालली आहेत. तुम्ही रोइंग, म्हणजे वल्हं मारल्यासारखा बँड आपल्याकडे ओढायचा व्यायाम, कराच. अँकर, म्हणजे बँड ओवायचा पट्टा, दारात छातीच्या उंचीवर अडकवा. ओढल्यावर बंद होणारंच दार निवडा, नाहीतर ते उघडून अंगावर येतं. कोपरं मागे न्या, खांद्याची पाती जवळ आणा, दोन सेकंद थांबा, मग सावकाश सोडा. बँड जितका ताणाल तितका जोर वाढतो, म्हणून पाऊलभर मागे सरकलं तरी पुरतं. असं सलग पंधरा वेळा सहज व्हायला लागलं की जाड बँड घ्या.

उत्तर: बँड गॅलरीत ठेवू नका! एप्रिलभर उन्हात पडलेला माझा लॅटेक्सचा बँड ओढताना तुटला, गालावर वळ उठला. बारीक भेगा दिसल्या की टाकूनच द्या.

प्रश्नकर्ती: आमचं दार उलटं उघडतं. खिडकीचा गज चालेल?

उत्तर: हलत नसेल तर चालेल. गंज असेल तिथे जुन्या साडीचं फडकं घट्ट गुंडाळा.