एकाच चिठ्ठीवर दोन-दोन पेनकिलर, डॉक्टरांशी कसं बोलावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे, मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट. इथे कोणी फार्मसीवाले किंवा डॉक्टर असतील तर प्लीज सविस्तर सांगा.

आमच्याकडे गुडघे-कंबर धरलेले पेशंट खूप, जन्मभर शेतात राबलेली माणसं. परवा एक आजी आल्या, चिठ्ठीवर एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल सकाळ-संध्याकाळ आणि खाली इटोरिकॉक्सिब ९० रात्री, दोन्ही पेनकिलरच, दोन्ही महिनाभर. चालू गोळ्या दाखवा म्हटलं तर पिशवीतून बीपीची निघाली, टेल्मिसार्टन प्लस हायड्रोक्लोरोथायाझाइड, शिवाय अंग दुखतं म्हणून घरातली पॅरासिटामॉल ६५० वेगळी चालूच. म्हणजे एक सार्टन (टेल्मिसार्टन, बीपीचं), एक लघवीचं औषध (हायड्रोक्लोरोथायाझाइड) आणि त्यावर दोन पेनकिलर, म्हातारपणी किडनी बसायला अजून काय पाहिजे? आणि इटोरिकॉक्सिबने बीपी वाढतं ते वेगळंच. पायावर बोट दाबून बघितलं तर खळगा तसाच राहिला. बंद करा म्हणणं सोपं आहे हो, पण त्या म्हणाल्या, "गोळी नाही घेतली तर संडासला बसता येत नाही रे बाळा." यावर काय बोलणार!

क्लिनिकला फोन केला तर कंपाउंडर म्हणतो सर पेशंट बघतायत, लिहिलंय ते द्या. मी एकच पेनकिलर दिली तीही पाच दिवसांची, घरची पॅरासिटामॉल थांबवायला सांगितलं, आणि चिठ्ठीला कागद जोडून दिला की बीपीची ही गोळी चालू आहे, पायाला सूज आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्यावं का. शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायचं औषध बदलून दुसरं द्यायचा अधिकार आपल्याला नाही आणि नसावाच, पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटचं समुपदेशन हे आपलंच काम म्हणून लिहिलंय ना? वडील म्हणतात त्या क्लिनिकच्या चिठ्ठ्यांवर दुकान चालतं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. त्यांचंही चूक नाही, पण मला वैर करायचंच नाहीये, डॉक्टरांकडे दिवसाला एवढी गर्दी असते की जुन्या गोळ्या बघायला वेळच मिळत नसेल, त्या आम्हाला काउंटरवर दिसतात, तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचवायचंय.

तर विचारायचं हे की अशी नोट डॉक्टरांना न दुखवता कशी लिहायची, कोणाकडे चांगला नमुना असेल तर टाका. डॉक्टर मंडळींनी प्रामाणिकपणे सांगा, फार्मासिस्टचा फोन आलेला आवडतो का, कुठल्या वेळी करावा? सूज वगैरे फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या) १८००-१८०-३०२४ वर कोणी कळवलंय का, पुढे काय होतं?

अजून एक, ट्रामाडॉल, ही सवय लागणारी पेनकिलर. २०१८ पासून एनडीपीएसमध्ये (अंमली पदार्थांच्या कायद्यात) आहे, एच१ रजिस्टरला (अशा औषधांच्या विक्रीच्या नोंदवहीत) पेशंट, डॉक्टर, किती दिल्या सगळं लिहितो. पण तेच रजिस्टर चाळताना एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परत परत दिसतंय, चिठ्ठ्या खऱ्या आहेत, माणूस ओळखीचा, ट्रक चालवतो. नाही म्हटलं तर दुसऱ्या मेडिकलला जाईल आणि तिथे कोणी विचारणारही नाही. एकदम बंद केली तर त्रास होतो हेही माहीत आहे. त्याच्याशी बोलायची सुरुवात कशी करू, आणि आधी कुठल्या डॉक्टरांना कळवू? ज्यांनी असं प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी जरूर लिहा.