स्पॅनिशमधलं रडगाणं: 'अ योरार अ ला योरेरिया' कितपत लागतं?

भरडधान्य: माद्रिदच्या फुटबॉलवाल्यांच्या चर्चेत कुणी रेफरीवर चिडलं की खाली हमखास 'अ योरार अ ला योरेरिया' पडतं. थट्टा की अपमान? आणि ऑफिसात तक्रारीसाठी कोणता शब्द चालेल?

उलटापालट: 'योरार' म्हणजे रडणं. 'पानादेरिया' पावाचं दुकान, 'थापातेरिया' चपलांचं, त्याच चालीवर योरेरिया म्हणजे रडण्याचं दुकान. थोडक्यात, 'रडायचं तर तिकडे जा, इथे नको.' उरुग्वेत हेच 'अ योरार अल क्वार्तितो', खोलीत जाऊन रड. मित्रांत हरल्यावर चालतं. खरंच दुखावलेल्याला किंवा साहेबांना म्हणू नका, कारण समोरच्याचं तोंड बंद करणं हाच त्याचा उद्देश. ब्वेनोस आइरेसमध्ये 'योरार'चाच उच्चार 'शोरार' ऐकू येईल, गोंधळू नका.

ऑफिसात 'केखार्से' (तक्रार करणं) वापरा. मराठी माणूस त्यातला 'दे' हमखास गाळतो: 'आवाजाबद्दल तक्रार करतो' म्हणताना 'मे केखो एल रुइदो' चूक, 'मे केखो देल रुइदो' बरोबर ('दे' + 'एल' = 'देल'). सतत कुरकुरणारा तो 'केखीका'. पुरुषालाही केखीकाच, 'केखीको' होत नाही. लेखी तक्रार असेल तर 'रेक्लामाथिओन'. स्पेनमध्ये दुकानात वा हॉटेलात 'ओखा दे रेक्लामाथिओनेस' मागितलं की तक्रारीचा छापील फॉर्म देतात. अर्जेंटिनात 'लिब्रो दे केखास', म्हणजे तक्रारवही, मागा.

कैरीचं_पन्हं: 'एल के नो योरा नो मामा' राहिलंच. आपलं 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' तेच. पगारवाढीच्या गप्पांत खुशाल वापरा, पण 'मामा'चा जोर पहिल्या अक्षरावर. शेवटच्यावर दिलात की 'आई' होते आणि म्हण कोसळते. 'मामार' (दूध पिणं) हे क्रियापद एकटं मात्र वापरू नका, त्याला अश्लील अर्थ आहे. मेक्सिकोत तर 'नो मामेस' ही सरळ शिवीच्या वळणाची बोली.

भरडधान्य: आणि 'योरार कोमो उना माग्दालेना', माग्दालेनासारखं ढसाढसा रडणं? पुरुषाला 'उन माग्दालेनो' म्हणायचं का?

उलटापालट: नाही. बायबलमधली मेरी माग्दालेन ती, त्यामुळे दाढीवाला रडला तरी 'उना माग्दालेना'च. त्याच नावाचा छोटा केक मिळतो, त्याचा इथे संबंध नाही. लहान मूल रडण्याआधी खालचा ओठ काढतं ते 'आथेर पुचेरोस'.

जुनीवही: मेक्सिकोत बाईला 'योरोना' (रडकी) म्हणताना जपून. तिथे ती पोरं नदीत बुडवून रात्रभर 'आय, मिस इखोस!' (हाय, माझी पोरं!) करत फिरणारी बाई. मुलांनी अंधारात पाण्याजवळ जाऊ नये म्हणून गोष्ट सांगतात. आवाज जवळून आला तर ती लांब आहे, लांबून आला तर जवळ, असा त्यातला डाव. साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूच्या १६व्या शतकातल्या ग्रंथात स्पॅनिश येण्यापूर्वीच्या अपशकुनांत रात्री मुलांसाठी रडणाऱ्या बाईचा उल्लेख आहे, योरोनाचं मूळ बरेच जण तिथेच शोधतात.

स्पेनमध्ये ग्रानादाच्या दक्षिणेला 'सुस्पीरो देल मोरो' (मूरचा उसासा) नावाची खिंड आहे. १४९२ मध्ये शहर सोडताना ग्रानादाचा शेवटचा मुस्लिम राजा बोआब्दिल तिथे मागे वळून रडला आणि 'पुरुषासारखं राखता आलं नाही, आता बाईसारखा रड' असं त्याची आई म्हणाली, ही दंतकथा. ते वाक्य आजही टोमणा म्हणून फेकतात. ऑफिसात अजिबात नको.