मदत हवी आहे: नॉकआउट उंदरांचा एको, दोन्ही गटांचे आकडे सारखेच

टिळकवाडीकर:
बेळगावात पीएचडी करतोय. नॉकआउट (एक जनुक बंद केलेले) आणि वाइल्ड टाइप (साधे), दोन्ही उंदरांचा एको (हृदयाची सोनोग्राफी) केला. फ्रॅक्शनल शॉर्टनिंग (आकुंचनात डाव्या कप्प्याची रुंदी किती टक्के घटते ते) दोन्हीकडे २३-२४ टक्के. नॉकआउटचं हृदय बाहेर काढून वजन केलं की जड भरतं, म्हणजे बिघाड आहेच. मग एकोत का दिसत नाही? प्रोब (छातीवर टेकवायचा सेन्सर) बदलू का? पुढच्या आठवड्यात गाइडना आकडे दाखवायचेत. लवकर सांगा.

खानापूरची_अक्का:
जनुक कुठलं? वय किती, नर की माद्या? भूल कशाची दिली? एको घेताना मिनिटाला ठोके किती होते? हे सांगितल्याशिवाय प्रोबवर काय बोलणार?

निपाणीकर:
प्रोबच बदला. उंदराच्या डाव्या कप्प्याची भिंत एक मिलिमीटरपेक्षा पातळ असते, माणसाच्या प्रोबला ती काय दिसणार! ३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब असलेली उंदरांचीच मशीन लागते. आमचं काम आम्ही बेंगळुरूला करून घेतलं. इथे वेळ घालवू नका.

टिळकवाडीकर:
मशीन माणसांचीच आहे, लिनियर प्रोब १५ मेगाहर्ट्झ. एम-मोडवर (एकाच रेषेवर भिंतींची हालचाल टिपतो तो) मोजतो. भूल केटामाइन-झायलाझिनची, आमच्याकडे सगळे तीच देतात. ठोके २८० ते ३२०. वय चार महिने, सगळे नर. फ्लॉक्स उंदीर (जनुकाला कापायच्या खुणा लावलेले), अल्फा-एमएचसी क्री (हृदयाच्या स्नायूतच ते जनुक कापणारं एन्झाइम).

खानापूरची_अक्का:
ठोके ३००! जाग्या उंदराचे ५०० ते ७०० असतात. झायलाझिन ठोके पाडतं आणि आकुंचनही दाबतं. दोन्ही गट इतके दाबले गेले तर फरक दिसणार कुठून? चांगल्या वाइल्ड टाइपचं शॉर्टनिंग हलक्या भुलीत तिशीच्या वर जायला हवं. तुमचा वाइल्ड टाइपच २४ वर आहे, आधी तिकडे बघा की. आयसोफ्लुरेन (हुंगवायची भूल) घ्या. सुरुवातीला २-३ टक्के, मग १ ते १.५ वर आणा. ठोके ४५० च्या खाली जाऊ देऊ नका, आणि प्रत्येक उंदराचे ठोके आकड्याशेजारी लिहा.

चिकोडीचा_भाऊ:
मध्येच विचारतो, माफ करा. वडिलांच्या टू-डी एकोत ईएफ ५५ आलंय. तुम्ही २३-२४ म्हणताय, मग ५५ चांगलं की वाईट?

खानापूरची_अक्का:
भाऊ, ईएफ म्हणजे ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते; ते आणि शॉर्टनिंग ही दोन वेगळी मापं आहेत. माणसात ईएफ ५५ साधारण ठीकच मानतात, पण बाकीचा रिपोर्ट डॉक्टरांकडून समजून घ्या.

निपाणीकर:
भूल बदलली तरी १५ मेगाहर्ट्झवर भिंतीची जाडी नीट मिळणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

मांजरी_लॅब:
जाडीचं मान्य, पण शॉर्टनिंग निघतं. ६०० ठोक्यांना एक ठोका १०० मिलिसेकंदांचा. सेकंदाला ३० फ्रेमच्या टू-डी चित्रात ठोक्यामागे तीनच फ्रेम येतात. एम-मोड त्याहून कितीतरी वेगवान असतो, त्यामुळे जुन्या मशीनवरही काम होतं. मी तर म्हणतो भूलच नको. उंदराला हातात धरायची सवय लावा आणि जागेपणीच मोजा.

खानापूरची_अक्का:
जागेपणी मोजलं की घाबरल्यामुळेच हृदय जोरात चालतं. शिवाय डायस्टोलिक (हृदय सैल होऊन कसं भरतं ते) बघायचं झालं तर त्या वेगाला ई आणि ए या भरण्याच्या दोन लाटा एकमेकींत मिसळतात. त्या सुट्या दिसाव्यात म्हणून आम्ही त्या मोजमापापुरते ठोके मुद्दाम ४०० च्या आसपास आणतो.

घटप्रभा_व्हेट:
मी कुत्र्यांचे एको करतो. डोबरमनमध्ये एको नॉर्मल असतानाही होल्टरवर (दिवसभर लावून ठेवायच्या ईसीजीवर) आधी अनियमित ठोके सापडतात. उंदरांतही ईसीजी लावून बघा.

मांजरी_लॅब:
व्हेट साहेब, ते पुढचं. टिळकवाडीकर, अंगाचं तापमान किती होतं? पावसाळ्यात आपल्याकडे एसी खोली म्हणजे थंडगार. छातीचे केस क्रीमने काढून वर गार जेल लावली की उंदीर लगेच थंड पडतो आणि ठोके आणखी उतरतात. गुदद्वारात तापमानाचा प्रोब घालून ३७ अंश राखा, जेल कोमट करा. आणि लाइट गेली की हीटिंग पॅडही थंड होतं, त्याला यूपीएस हवाच.

टिळकवाडीकर:
तापमान घेतलं नाही. आयसोफ्लुरेनचं व्हेपोरायझर शेजारच्या विभागात पडून आहे, उद्या मागतो. बेंगळुरूला उंदीर न्यायचे तर तिथल्या प्राणी नीती समितीची परवानगी वेगळी, हलवल्यावर आठवडाभर स्थिरावायला द्यायचे, ते एवढ्यात होत नाही. बाकी अजून काही?

खानापूरची_अक्का:
आहे. वाइल्ड टाइप म्हणजे नक्की कोणते? एकाच वेतातले भाऊ आहेत ना? फक्त क्री असलेला गट कुठाय? अल्फा-एमएचसी क्री नुसतीही वय वाढेल तसं हृदय बिघडवू शकते. तो गट नसेल तर फरक सापडला तरी परीक्षक विचारणार, हे जनुकामुळे की क्रीमुळे? आणि मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला ते कळता कामा नये.

टिळकवाडीकर:
फक्त क्रीवाला गट नाही. तो कसा काढू?

खानापूरची_अक्का:
क्रीची एकच प्रत असलेला नर आणि त्याच वंशाची साधी वाइल्ड टाइप मादी लावा. अर्धी पिल्लं क्रीवाली निघतील. त्यातला जो फ्लॉक्स घेऊन येईल तो सोडा. तीन आठवडे गाभण, मग चार महिन्यांचे होईपर्यंत थांबायचं. गाइडना हे वेळापत्रक आत्ताच सांगा. सध्याच्या उंदरांचा एको मात्र आयसोफ्लुरेनवर याच आठवड्यात पुन्हा घ्या. ठोके आणि तापमानासकट आकडे इथे टाका, मी बघते.