डिपॉझिटमधून ४५ हजार कापले, 'फुल अँड फायनल' लिहून देऊ का? (पुणे)

नमस्कार मंडळी, जरा पटकन सल्ला हवाय कारण घरमालक काकांचा रोज मेसेज येतोय.

वाकडला टूबीएचके भाड्याने घेतला होता, भाडं २४ हजार, डिपॉझिट एक लाख. अकरा-अकरा महिन्यांची दोन अ‍ॅग्रीमेंट झाली. पहिलं रीतसर रजिस्टर्ड, अंगठे-बिंगठे देऊन. दुसऱ्या वेळी काका म्हणाले कशाला परत खर्च, नोटरी करून टाकू. आता महिन्याची नोटीस देऊन घर सोडलं, चाव्या दिल्या, काकांनी स्वतः सगळं घर फिरून बघितलं, "छान ठेवलंत हो" असं म्हणाले सुद्धा, आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला.

पेंटिंग २४,०००. डीप क्लीनिंग ६,५००. भिंतीतले खिळे १५ नग, दर १५० प्रमाणे २,२५०. सोसायटी शिफ्टिंग चार्ज ३,०००. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) ३०० गुणिले २२ महिने म्हणजे ६,६००. बाथरूमचा नळ १,८००. लाइट बिल १,१४०. एकूण ४५,२९०, म्हणजे हातात येणार ५४,७१०.

लाइट बिल आमचंच आहे आणि नळ आम्ही राहत असताना तुटला, ते दोन्ही मान्य. पण बाकीचं काय आहे हे? खिळ्यांचं तर हसूच येतं, त्यातले निम्मे आम्ही यायच्या आधीपासूनचे, सामान आणायच्या आधी केलेला व्हिडिओ आहे माझ्याकडे, तो तेव्हाच काकांना पाठवलेला आणि त्यावर त्यांचा थम्सअप पण आहे. एका खिळ्यावर तर त्यांचंच जुनं कालनिर्णय लटकत होतं, त्याचेही १५०!

खरी गोची पेंटिंगची. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटमधे "नॉर्मल वेअर अँड टेअर सोडून" (म्हणजे रोजच्या वापराची झीज सोडून) जे नुकसान होईल ते भाडेकरू भरेल एवढंच आहे. नोटरीवाल्यात मात्र "घर सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगसाठी वजा होईल" अशी ओळ आहे, तेव्हा विचारलं तर म्हणाले अहो सगळ्यांचा हाच फॉरमॅट असतो. सही आहे माझी त्यावर.

आणि आता म्हणतायत की "फुल अँड फायनल सेटलमेंट, माझी कोणतीही तक्रार नाही" असा मेसेज टाका, लगेच ५४,७१० ट्रान्सफर करतो, त्याशिवाय एक रुपया नाही. नवीन घराचं डिपॉझिट द्यायचंय, पैसे अडकलेत. बायको म्हणते लिहून दे आणि मोकळा हो. पोलीस चौकीत विचारलं तर हे दिवाणी प्रकरण आहे, आम्ही काही करू शकत नाही. काय करू?

—

अर्धाकप: अजिबात लिहून देऊ नका. एकदा ते दोन शब्द लिहिले की पुढे काहीही मागायला गेलात तरी तोच स्क्रीनशॉट तुमच्या तोंडावर मारणार. त्याऐवजी ईमेल करा की ५४,७१० ही अंशतः परतफेड म्हणून स्वीकारतो, बाकी कपात मला मान्य नाही, प्रत्येक आयटमचं बिल द्या. आणि इथले बाकीचे वाचक, पुढच्या वेळी एका हाताने चावी दुसऱ्या हाताने चेक, पुण्यात दुसरा मार्ग नाही.

सदाशिवपेठी: वहिनींचं बरोबर आहे. २० हजारासाठी वकील लावाल, तो १५ घेईल. जाऊ द्या.

तारीखपेतारीख: वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा आहे त्यामुळे तेवढाच धरा.

तुमच्या काकांनी नोटरी करून पैसे वाचवले तिथेच ते अडकलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमचं हे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर्डच हवं, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, तुमची नाही. केलं नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आता ते तुमच्या सहीचा कागद दाखवणारच, म्हणून केस पक्की आहे असं म्हणत नाही, पण ज्या कागदाच्या जोरावर ते २४ हजार कापतायत तो कोर्टात काढणं त्यांनाच महागात पडेल. नोटिशीत हे कलम नुसतं लिहिलं तरी आवाज खाली येतो असा माझा अनुभव.

पेंटिंगचा खर्च खरंच झाला का हेही विचारा. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आख्खा आकडा नाही. मालक म्हणेल हा दंड नाही, ठरलेला खर्च आहे, तो वाद होईल. पण रंग मारलाच नसेल तर कसला खर्च?

घाई करू नका, पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं मुदत असते. आणि कॉम्पिटंट अ‍ॅथॉरिटीकडे (याच भाडे कायद्याखाली नेमलेला अधिकारी) जाऊ नका, ते मालकाला घर रिकामं करून हवं असतं तेव्हासाठी. डिपॉझिटचा दावा लघुवाद न्यायालयात.

धागाकर्ता: तारीखपेतारीख, खूप आभार! रंगाचं एकदम बरोबर धरलंत. आत्ताच जुन्या वॉचमन मामांना फोन केला, नवीन भाडेकरू रविवारीच राहायला आलेत, पेंटर वगैरे कोणी आलंच नव्हतं म्हणाले.

चेअरमनचीबायको: नॉन ऑक्युपन्सीबद्दल. ते सोसायटी मालकाला लावते, भाडेकरूला नाही. अ‍ॅग्रीमेंटमधे मेंटेनन्स मालकाकडे असेल तर हे पण त्यांचंच. आणि २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाही. सर्व्हिस चार्जेस म्हणजे आख्खं मेंटेनन्स बिल नाही, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक), रिपेअर फंड, टॅक्स हे वेगळे. तुमचं मेंटेनन्स ३ हजार आहे का हो? मग काकांनी सरसकट बिलाचे १० टक्के काढलेले दिसतायत.

धागाकर्ता: बरोब्बर ३ हजार! आणि मेंटेनन्स मालकाकडे असं दोन्ही अ‍ॅग्रीमेंटमधे आहे.

दोन्हीकडचा: मी मालक पण आहे आणि भाडेकरू पण, म्हणून थोडी दुसरी बाजू. मागचा भाडेकरू गेला तेव्हा किचनच्या टाइल्सवर बोटभर चिकटा होता, चिमणी उघडली तर आतून तेल ठिबकत होतं. क्लीनिंगचे पैसे मी पण कापले, पण एजन्सीचं बिल आणि आधी-नंतरचे फोटो पाठवून. ६,५०० टूबीएचकेला फार जास्त नाहीत, बिल दाखवलं तर त्यावर भांडू नका, निम्म्यावर तोडा. खिळे मात्र अति आहे.

सदाशिवपेठी: खिळे काढून न्यायचे होते, नगाला १५० भाव आलाय.

धागाकर्ता: अपडेट देतो. अर्धाकप म्हणाले तसा ईमेल टाकला, कलम ५५ घातलं, व्हिडिओ जोडला, आणि नवीन लोक रंगाशिवाय राहायला आलेत हेही एका ओळीत लिहिलं. आधी फोनवर "मुलासारखं वागवलं तुम्हाला" वगैरे बरंच ऐकावं लागलं. पण आज ८०,९६० जमा झालेत, म्हणजे पेंटिंग आणि खिळे सोडले, आणि मी फुल अँड फायनल काहीच लिहून दिलेलं नाही. सोसायटी मॅनेजरला विचारलं तर ३ हजारांचा शिफ्टिंग चार्ज असा काही प्रकारच नाही, लिफ्टसाठी ५०० घेतात ते मी सामान उतरवलं त्या दिवशीच भरलेत, पावती आहे, ती काकांना पाठवली. नॉन ऑक्युपन्सीसाठी सोसायटीचं बिल मागितलंय. डीप क्लीनिंगचं बिल अजून आलं नाही. न बघताच निम्मे देऊन मिटवू का बिल येईपर्यंत थांबू?