मदत हवी आहे: १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ, इंजिन मात्र ६९ चं. ऑईल आणि पार्ट कशाच्या हिशोबाने घ्यायचे?

नमस्कार मंडळी,

लिखाण लांबणार आहे. पण अर्धवट माहिती देऊन उत्तर मागितलं तर तुमचाही वेळ जातो, म्हणून सगळं सांगतो.

मी मिशिगनमध्ये, फार्मिंग्टन हिल्सला राहतो. शेजारच्या आजोबांकडे १९६८ ची जीटीओ होती. हिरवी, दोन दारांची हार्डटॉप, पुढे त्याच वर्षी नवा आलेला एन्ड्युरा बंपर, बॉडीच्याच रंगाचा. आजोबा पॉन्टियाकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते गेले आणि या हिवाळ्यात आजींनी गाडी मला दिली. कागदावर विकली, पण घेतलेली रक्कम बघता दिली म्हणणंच खरं. त्यांची इच्छा एवढीच की ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी असते, तेव्हा त्यांना एकदा शेजारी बसवून वुडवर्डवरून न्यावं. गाडी बारा वर्षं जागची हललेली नाही. घाईत काहीतरी चुकीचं ओतून तिचं वाटोळं करायचं नाही मला.

सुरुवात वॉटर पंपापासून झाली. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून वाळलेला हिरवट ओघळ दिसला, म्हणून '१९६८ जीटीओ, ४००' (म्हणजे ४०० क्युबिक इंचांचं इंजिन) असं सांगून नवा मागवला. आला तो आठ बोल्टचा. इंजिनावर आहे तो अकरा बोल्टचा. दुकानदाराची चूक नाही, मी मागितलं तेच त्याने पाठवलं. पॉन्टियाकचे पंप ६८ पर्यंत आठ बोल्टचे आणि ६९ पासून अकरा बोल्टचे, हे मला तेव्हा कळलं. पंप ज्यावर बसतो ते टायमिंग कव्हरही त्याप्रमाणे वेगळं, पुली आणि अल्टरनेटरचे ब्रॅकेटही वेगळे.

नवं कव्हर जुन्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, बसतं. म्हणजे कधीतरी नुसतं कव्हर बदललं असेल, असं आधी वाटलं. खात्री करायला आरसा, टॉर्च आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन एक अख्खा रविवार बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो. उजव्या हेडच्या खाली, ब्लॉकच्या पुढच्या बाजूला ग्रीस खरवडल्यावर दोन अक्षरं दिसली: वायएस. गाडीचा नंबर २४२३७ ने सुरू होतो, म्हणजे अस्सल जीटीओ हार्डटॉप. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या जुन्या गाड्यांच्या मूळ नोंदी देणाऱ्या संस्थेकडून मागवलेल्या कागदातही ४००, चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि टर्बो हायड्रामॅटिक गिअरबॉक्स. वायएस हा ६८ च्या ३५० हॉर्सपॉवर ऑटोमॅटिकचाच कोड. त्या रात्री मी आनंदाने जेवलो.

दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटरजवळचा ओतकामाचा शिक्का वाचला. त्यावर खडू घासल्यावर अक्षर उठलं: बी १२९. बी म्हणजे फेब्रुवारी, तारीख १२, शेवटचा आकडा वर्षाचा. म्हणजे १२ फेब्रुवारी १९६९! ६८ च्या गाडीत ६९ सालात ओतलेला ब्लॉक मुळातला असूच शकत नाही. वायएस कोड पॉन्टियाकने ६९ लाही तसाच ठेवला होता, म्हणून मी फसलो. ६८ पासून गाडीच्या नंबरचा शेवटचा भाग इंजिनावरही ठोकलेला असतो. तोही शोधला. जुळत नाही.

हेडच्या मधल्या एक्झॉस्ट पोर्टवर मात्र १६ आकडा आहे, आणि ते हेड ६८ चेच. आजोबांनी ब्लॉक बदलून आपले जुने हेड त्यावर चढवले असावेत, असा माझा अंदाज. आजींना विचारलं तर म्हणाल्या, एका उन्हाळ्यात इंजिन गॅरेजच्या छताला साखळीने टांगलेलं होतं खरं.

आता माझे प्रश्न.

इंजिन ऑईल: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जुन्या पद्धतीचा, सपाट लिफ्टरवाला. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑईलमध्ये जस्त आणि फॉस्फरस कमी असतं आणि त्याने असे कॅम घासले जातात, असं वाचलं. फिल्टर धरून सहा क्वार्ट लागतं. कुठलं घेऊ? वरून झेडडीडीपीची, म्हणजे जस्त-फॉस्फरसच्या ॲडिटिव्हची, बाटली ओतू का?

गिअरबॉक्स: टर्बो हायड्रामॅटिक ४००, म्हणजे टर्बो ४००, आहे याची खात्री केली. पॅन वेडावाकडा, तेरा बोल्टचा, आणि किकडाऊनला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडण्याला) केबलऐवजी विजेची वायर. आजचं डेक्सरॉन ६ हे गिअरबॉक्सचं ऑईल चालेल का, की जुन्या सीलना ते पातळ पडेल?

मागचा ॲक्सल: कव्हरला दहा बोल्ट. मागची दोन्ही चाकं उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक फिरवलं तर दुसरंही त्याच दिशेला फिरलं, म्हणजे सेफ-टी-ट्रॅक (पॉन्टियाकचा लिमिटेड स्लिप, एकच चाक नुसतं घसरू न देणारा डिफरन्शियल) आहे. ८०डब्ल्यू-९० घालायचं ठरवलंय. त्यात लिमिटेड स्लिपचं वेगळं ॲडिटिव्ह लागेलच ना?

ब्रेक ऑईल, आणि याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. मास्टर सिलिंडर दुहेरी, चारही चाकांना ड्रम. आतलं ऑईल फिकट पिवळं, त्यात जांभळ्याची नुसती झाक. स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन वर चार थेंब सोडले. कितीही ढवळलं तरी मिसळले नाहीत, तवंग धरून वरच राहिले. हे सिलिकॉनचं डॉट ५ आहे असं मी समजतो. चाकांचे सिलिंडर बदलणारच आहे. तेच ठेवू की नेहमीच्या ग्लायकोलच्या डॉट ३ वर जाऊ?

कूलंट साधं हिरवं, पाण्याबरोबर निम्मं-निम्मं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, डागलेला आहे, त्यामुळे नारिंगी घालणार नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

दादा, आमच्याकडे ७० ची फायरबर्ड ४०० आहे, सॅन होजेला. अनुभवावरून सांगते.

पार्ट घेताना गाडीचं साल विसरा. पंप, टायमिंग कव्हर, पुली आणि ब्रॅकेट ६९ च्या नावाने मागा, हेडची गॅस्केट आणि व्हॉल्व्हचं सामान १६ नंबरच्या हेडप्रमाणे. गॅरेजमध्ये एक कागद चिकटवून त्यावर हे लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

ऑईलबद्दल: फॉस्फरसची ८०० पीपीएमची (दहा लाखांत ८०० भागांची) मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. जुन्या गाड्यांसाठीचं, जस्त जास्त असलेलं १०डब्ल्यू-४० घ्या. वरून बाटली ओतू नका. कंपनीने सगळी ॲडिटिव्ह तोलून घातलेली असतात, आपण ते गणित बिघडवतो.

डेक्सरॉन ६ जुन्या डेक्सरॉनच्या जागी चालतं. पण आधी गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या ओढीवरून गिअरबॉक्सचा दाब ठरवणाऱ्या डबीची) नळी काढून आत बोट घाला. लाल ऑईल लागलं तर आतला पडदा फाटलाय. मग इंजिन गिअरचं ऑईल ओढून जाळतं, पांढरा धूर येतो आणि लोक उगाच हेड उघडतात. ॲक्सलला ॲडिटिव्ह हवंच, नाहीतर वळणावर कटकट आवाज येईल.

ब्रेकची तुमची परीक्षा बरोबर आहे, ते डॉट ५ च. त्याचा जांभळा रंग काळाने उडतो, म्हणून रंगावर जाऊ नये. डॉट ५ आणि डॉट ३ एकत्र कधीच नको. बदलायचंच असेल तर मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या सगळं नवं करून, लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन, हवेने कोरडे करून मगच. गाडी वर्षात चार वेळा निघणार असेल तर मी डॉट ५ ठेवीन. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे उभ्या गाडीत आतून गंज कमी धरतो. आणि एक, डॉट ५.१ म्हणजे डॉट ५ नव्हे. ते ग्लायकोलचं असतं, नावाला फसू नका.

पंप काढाल तेव्हा त्याच्या मागची पत्र्याची डिव्हायडर प्लेट नक्की बघा. पाणी कुठे जायचं ते ती ठरवते. ती खाल्लेली असेल किंवा पंपाच्या पंख्यापासून लांब असेल तर नवा पंपही गाडी थंड ठेवू शकणार नाही.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. काल पंप उतरवला. प्लेटच्या खालच्या कडेला दोन बोटं मावतील एवढं गंजून भोक पडलंय, आणि कव्हरमध्ये जाणाऱ्या दोन नळकांड्यांपैकी एक हातात चुरा होऊन आली. स्टेनलेसची प्लेट, नळकांडी आणि अकरा बोल्टचा पंप मागवला. ब्रेकला डॉट ५ च ठेवतोय.

मॉड्युलेटरची नळी काढली. बोट लाल झालं. नवा घेताना दिसतंय की टर्बो ४०० साठी वेगवेगळ्या रंगपट्ट्यांचे मॉड्युलेटर मिळतात. जुन्यावरचा रंग पार उडालाय. यातला कुठला बसवायचा हे कसं ठरवू? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. मे संपत आलाय.